लॅपटॉपला मॉनिटर जोडला, पण चित्रच येत नाही: कुठून सुरुवात करायची?

मॉनिटर नवाकोरा होता, लॅपटॉप जेमतेम वर्षाचा. टाइप-सी केबल लावली तर लॅपटॉप चार्ज व्हायला लागला, मॉनिटरचा दिवाही पेटला, पण पडदा काळा तो काळाच. चार्जिंग होतंय म्हणजे केबल ठीकच असणार, असं धरून मी ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे चित्र काढणाऱ्या चिपला विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर, काढला, परत टाकला, विंडोज अपडेट केलं, तीनदा रीस्टार्ट केलं. अख्खी संध्याकाळ त्यात गेली. शेवटी लक्षात आलं की लावलेली केबल फोनच्या चार्जरची होती. मॉनिटरबरोबर आलेली केबल खोक्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, तशीच पडून होती. दिसायला दोन्ही सारख्याच.

त्या दिवसापासून माझा क्रम ठरला आहे. आधी मॉनिटरचा इनपुट आणि केबल, मग सेटिंग्ज, आणि ड्रायव्हर अगदी शेवटी. बहुतेक जण बरोबर उलट्या क्रमाने जातात, कारण ड्रायव्हर खुर्चीत बसून बदलता येतो आणि केबल तपासायला टेबलाखाली वाकावं लागतं.

मॉनिटर काय म्हणतोय ते आधी वाचा

"चालत नाही" ही तक्रार फार ढोबळ झाली. पडद्यावर नेमकं काय दिसतं, यावर पुढची दिशा ठरते.

मॉनिटरचा दिवाच लागत नसेल तर लॅपटॉपला हात लावू नका. वीज, प्लग, अडॅप्टर आणि मॉनिटरच्या मागचं किंवा खालचं बटण पाहा. काही मॉनिटरना मागच्या बाजूला वेगळा मेन स्विचही असतो.

काही सेकंद "नो सिग्नल" दिसून मॉनिटर झोपी जात असेल, तर मॉनिटर जिवंत आहे, पण निवडलेल्या इनपुटवर काहीच पोचत नाही. सगळ्यात जास्त वेळा हेच होतं.

"आउट ऑफ रेंज" किंवा "इनपुट नॉट सपोर्टेड" आलं तर खरं म्हणजे बरी बातमी आहे. केबल सिग्नल आणते आहे, लॅपटॉप पाठवतो आहे, फक्त मॉनिटरला न झेपणारं रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) किंवा रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं, हर्ट्झमध्ये) पाठवतो आहे. लॅपटॉपच्या पडद्यावरून रिझोल्यूशन १९२० × १०८० आणि रेट ६० हर्ट्झ केला की बहुधा काम होतं.

आणि पडदा काळा आहे, पण मागचा उजेड चालू आहे, "नो सिग्नल" म्हणतही नाही, तर माउस लॅपटॉपच्या कडेपलीकडे नेऊन पाहा. बाण तिकडे उमटला तर मॉनिटर चालूच आहे. तुम्ही काळा वॉलपेपर असलेल्या रिकाम्या डेस्कटॉपकडे बघत बसला आहात. हसू नका, असे फोन मला आले आहेत.

केबल लावल्यावर आत काय घडतं

एवढं माहीत असलं की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट या दोन्हींत एक पिन केवळ "समोर कोणीतरी जोडलं आहे" हे सांगण्यासाठी असते. ती खबर मिळाली की लॅपटॉप मॉनिटरकडे त्याची ओळख मागतो. मॉनिटरच्या आत एका छोट्या मेमरीत कंपनी, मॉडेल, चालणारी रिझोल्यूशन्स आणि रेट लिहिलेले असतात. या माहितीला ईडीआयडी म्हणतात आणि तिचा मूळ भाग फक्त १२८ बाइटचा असतो. ती वाचून झाल्यावरच लॅपटॉप चित्र पाठवायला लागतो.

आता यातली कुठलीही कडी तुटली की काय होईल ते बघा. "जोडलं आहे" ही खबरच पोचली नाही, तर लॅपटॉपच्या लेखी मॉनिटर नाहीच. खबर पोचली पण ओळख नीट वाचता आली नाही, तर सेटिंग्जमध्ये मॉनिटरच्या नावाऐवजी "जेनेरिक" असं काहीतरी दिसतं आणि रिझोल्यूशन १०२४ × ७६८ वगैरेवर अडकतं. मॉनिटरचं खरं नाव दिसतं आहे की नाही, ही म्हणूनच फार कामाची खूण आहे. नाव दिसत असेल तर निदान ओळखपरेड तरी झाली.

"नो सिग्नल" असेल तर, या क्रमाने

१. मॉनिटरच्या बटणांनी इनपुट किंवा सोर्स उघडा आणि केबल ज्या सॉकेटमध्ये आहे तोच हाताने निवडा. "ऑटो" वर विसंबू नका. दोन एचडीएमआय असलेल्या मॉनिटरवर केबल एकात आणि निवड दुसऱ्याची, हा प्रकार नेहमीचा.

२. केबल दोन्ही टोकांनी पूर्ण काढा आणि परत बसवा. डिस्प्लेपोर्टच्या बऱ्याच प्लगांना खटका असतो. तो दाबून काढायचा, आणि लावताना टिक आवाज येईपर्यंत ढकलायचा. भिंतीला टेकवलेल्या मॉनिटरमध्ये केबल अर्धी बाहेर आलेली असते आणि समोरून ते दिसत नाही. लॅपटॉपला जाड कव्हर असेल तर प्लग आत पूर्ण जात नाही, हेही तपासा.

३. मॉनिटर बंद करा, भिंतीतला प्लग काढा, मिनिटभर थांबा, परत लावा. नुसतं बटण दाबून बंद केल्यावर आतलं सर्किट जागंच राहतं. गोंधळलेला मॉनिटर प्लग काढल्याशिवाय शुद्धीवर येत नाही. हा उपाय भाबडा वाटतो म्हणून लोक टाळतात, पण झोपेतून न उठणाऱ्या मॉनिटरवर माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा हाच लागू पडला आहे.

४. विंडोज असेल तर विंडोजची कळ धरून पी दाबा. "पीसी स्क्रीन ओन्ली" निवडलेलं असेल तर मॉनिटर जोडूनही काळाच राहणार. "डुप्लिकेट" किंवा "एक्स्टेंड" करा.

५. तरीही नाही, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबा. पडदा क्षणभर लुकलुकतो, कधी बीप येतो. यात ग्राफिक्स ड्रायव्हर जागच्या जागी रीसेट होतो. उघडलेली कामं बंद होत नाहीत.

६. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे "डिटेक्ट" बटण आहे. मॅकवर डिस्प्ले सेटिंग्ज उघडून ऑप्शन कळ धरली की "डिटेक्ट डिस्प्लेज" बटण दिसतं. कळ धरली नाही तर ते लपलेलंच असतं.

७. मॉनिटर जोडलेला ठेवून लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करा. सुरुवातीला कंपनीचं चिन्ह मॉनिटरवर उमटलं आणि विंडोज आल्यावर गायब झालं, तर पोर्ट, केबल, मॉनिटर तिन्ही ठणठणीत आहेत, घोळ सॉफ्टवेअरचा आहे. चिन्ह उमटलं नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण बरेच लॅपटॉप ते फक्त स्वतःच्याच पडद्यावर दाखवतात.

इथपर्यंत येऊन हाती काही लागलं नाही तर अदलाबदल. एका वेळी एकच वस्तू बदला. आधी केबल, मग मॉनिटरवरचा सॉकेट, मग लॅपटॉपवरचा पोर्ट, मग जमलं तर अख्खा मॉनिटर किंवा टीव्ही. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि चित्र आलं, तर दोष कुठे होता ते कळणार नाही आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

टाइप-सी: भोक एक, स्वभाव अनेक

या पोर्टचा आकार सगळीकडे एकच, पण काही पोर्ट फक्त डेटा आणि चार्जिंग देतात, काही चित्रही देतात. चित्र देणाऱ्या पोर्टमध्ये डिस्प्लेपोर्टचा सिग्नल त्याच तारांवरून पाठवायची सोय असते. तिला डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड म्हणतात. पोर्टशेजारी डीपीचं (डिस्प्लेपोर्टचं) किंवा थंडरबोल्टचं, चमकत्या विजेसारखं, चिन्ह दिसलं तर चित्र मिळेल. चिन्ह नसेल तर लॅपटॉपच्या मॉडेलची तांत्रिक माहिती काढून बघा. दोन टाइप-सी पोर्ट असलेल्या लॅपटॉपमध्ये एकच चित्र देणारा असणं अगदी शक्य आहे, म्हणून दुसरा पोर्ट लावून बघायला विसरू नका.

केबलचंही तेच. फोनबरोबर येणाऱ्या बऱ्याच टाइप-सी केबलमध्ये फक्त वीज आणि युएसबी २.० च्या तारा असतात. चित्र ज्या वेगवान तारांच्या जोड्यांवरून जातं, त्या आत घातलेल्याच नसतात. वीज जाते, फोटो कॉपी होतात, चित्र मात्र येणं शक्यच नाही. अशा केबलची ढोबळ ओळख म्हणजे ती बारीक आणि लवचीक असते. खात्री हवी तर केबलच्या पाकिटावर व्हिडिओचा किंवा वेगाचा उल्लेख शोधा.

मध्ये हब किंवा डॉक, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा, असेल तर तो सुरुवातीला बाजूला काढा आणि मॉनिटर थेट जोडा. थेट चाललं तर दोष डॉकमध्ये किंवा त्याच्या विजेत. साधे हब जागा वाचवण्यासाठी चार वेगवान जोड्यांपैकी दोन चित्राला आणि दोन युएसबीला देतात. जुन्या वेगाच्या दोन जोड्यांतून ४के (३८४० × २१६०) चित्र ३० हर्ट्झलाच बसतं. माउसचा बाण चिखलातून चालल्यासारखा वाटत असेल तर हे कारण पाहा. मॉनिटरला दोष देऊ नका.

काही डॉक वेगळ्याच जातीचे असतात. ते चित्र कॉम्प्रेस करून, म्हणजे कमी डेटात बसवून, युएसबीच्या डेटासारखं पाठवतात, यासाठी डिस्प्लेलिंक नावाचं तंत्र वापरतात. त्यांना स्वतःचा ड्रायव्हर टाकावाच लागतो, आणि मॅकवर त्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते. ती दिली नाही तर मॉनिटर ओळखला जातो पण चित्र येत नाही.

अडॅप्टरला दिशा असते

लॅपटॉपचा डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरचा एचडीएमआय, हे साध्या स्वस्त अडॅप्टरने जमतं, कारण बहुतेक डिस्प्लेपोर्ट गरज पडली की एचडीएमआयचाच सिग्नल सोडू शकतात. उलट मात्र नाही. लॅपटॉपचा एचडीएमआय आणि मॉनिटरचा डिस्प्लेपोर्ट असेल तर सिग्नलचं भाषांतर करणारा, बहुधा युएसबीतून वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. साधी केबल दोन्ही टोकांना छान बसते आणि काहीही करत नाही. विकत घेताना "कशातून कशात" हे शब्द नीट वाचा.

व्हीजीए १९८७ चं आहे आणि ॲनालॉग आहे. चित्र सरकलेलं किंवा पुसट दिसलं तर मॉनिटरवरचं "ऑटो ॲडजस्ट" दाबा, स्क्रू घट्ट करा. त्यातून आवाज जात नाही. दुसरा पर्याय असेल तर तो घ्या, बास.

मर्यादा लॅपटॉपचीच असू शकते

एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला थेट एकच बाहेरचा मॉनिटर जोडता येतो. दोन लावून दुसरा काळा राहिला तर ते बिघाड नाही. एम३ च्या एअरला दोन चालतात, पण झाकण बंद असताना. शिवाय विंडोजवर एका डिस्प्लेपोर्टमधून दोन मॉनिटरवर वेगवेगळं चित्र देणारे डॉक मॅकवर दोन्हीकडे एकच चित्र दाखवतात. डॉक बिघडलेला नसतो. ते तंत्र मॅकओएस त्या पद्धतीने वापरतच नाही.

दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये आणखी एक गंमत आहे. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचा पोर्ट थेट मोठ्या ग्राफिक्स चिपला जोडलेला असतो. बॅटरी वाचवायला "इको" मोड लावला किंवा ती चिप डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली हार्डवेअरची यादी) बंद केली की पोर्टही मुका होतो. आदल्या दिवसापर्यंत चालणारा मॉनिटर प्रवासातून आल्यावर दिसेनासा झाला, तर मी आधी हे बघतो. लिनक्सवर असाच अनुभव एनव्हिडियाचा ड्रायव्हर नीट न बसल्यामुळे येतो.

चित्र येतं, पण धड येत नाही

इथे दोन छोट्या चाचण्या तासांचं काम वाचवतात.

पहिली: चित्र खराब दिसत असताना मॉनिटरच्या बटणाने त्याचा स्वतःचा मेनू उघडा. हा मेनू मॉनिटर स्वतः काढतो, लॅपटॉपमधून येत नाही. मागचं चित्र लुकलुकतंय पण मेनूची चौकट स्थिर आणि स्वच्छ आहे, तर पॅनेल चांगलं आहे, दोष येणाऱ्या सिग्नलमध्ये आहे. मेनूवरही तीच उभी रेघ, तोच गुलाबी डाग असेल तर मॉनिटर गेला, केबल कितीही बदला.

दुसरी: स्क्रीनशॉट काढा आणि तो लॅपटॉपच्या पडद्यावर बघा. रेघा, चौकोन, चुकीचे रंग स्क्रीनशॉटमध्येही आले तर चूक ग्राफिक्समध्येच तयार होते आहे. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर चित्र लॅपटॉपबाहेर पडताना किंवा वाटेत बिघडतं आहे.

अक्षरं अंधूक दिसतात ही सर्वांत मोठी तक्रार. मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन लावलं आहे ना, ते आधी बघा. विंडोजमध्ये त्याच्यापुढे "रेकमेंडेड" लिहिलेलं असतं. मग "ॲडव्हान्स्ड डिस्प्ले" उघडा. तिथे दोन ओळी असतात, डेस्कटॉप मोड आणि ॲक्टिव्ह सिग्नल मोड. दोन्हीतले आकडे वेगळे असतील तर चित्र एका मापात काढून दुसऱ्या मापात ताणलं जातंय. आकडे सारखे आणि रिझोल्यूशन बरोबर असूनही काळ्यावरची लाल अक्षरं फाटल्यासारखी दिसत असतील, तर रंगाची माहिती कापून पाठवली जाते आहे. ग्राफिक्सच्या पॅनेलमध्ये, म्हणजे ग्राफिक्स चिपच्या सेटिंग्जच्या प्रोग्रॅममध्ये, रंगाचा प्रकार आरजीबी करा. टीव्हीला जोडलं असेल तर टीव्हीच्या मेनूत त्या इनपुटला "पीसी" असं नाव किंवा मोड द्या. नुसत्या नावाने काय फरक पडणार, असं वाटतं, पण बऱ्याच टीव्हींमध्ये त्यामुळे चित्रावरची सगळी प्रक्रियाच बदलते.

टीव्हीवर टास्कबार अर्धा कापला जात असेल तर ते ओव्हरस्कॅन. टीव्हीच्या मेनूत "जस्ट स्कॅन", "स्क्रीन फिट" किंवा "१:१" शोधा. लॅपटॉपवरून चित्र लहान करून बसवू नका, धार जाते.

काळा रंग राखाडी दिसतो, सगळं धुक्यातलं वाटतं? संगणक रंगाचे आकडे ० ते २५५ मध्ये मोजतो, टीव्हीच्या परंपरेत १६ ते २३५. एकाने एक धरलं आणि दुसऱ्याने दुसरं, की असं होतं. ग्राफिक्सच्या पॅनेलमध्ये "फुल" निवडा, आणि मॉनिटरच्या मेनूत काळ्याच्या पातळीची किंवा एचडीएमआय रेंजची सेटिंग त्याच्याशी जुळवा. उलटा घोळ असेल तर सावल्यांतले बारकावे काळ्यात बुडतात.

१४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर अडकला असेल तर विंडोज आपणहून रेट वाढवतंच असं नाही. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन हाताने निवडा. पर्यायच दिसत नसेल तर वाहिनी अरुंद आहे. २००९ च्या एचडीएमआय १.४ मधून सेकंदाला १०.२ गिगाबिट जातात, त्यात ४के ३० हर्ट्झला बसतं. २०१३ च्या २.० मध्ये १८ गिगाबिट, त्यात ६० हर्ट्झला. पोर्ट, केबल, मॉनिटर यांत जो सर्वांत दुबळा, त्याच्याच वेगाने सगळी वरात चालते. काही मॉनिटरमध्ये पूर्ण रेट फक्त डिस्प्लेपोर्टवरच मिळतो. आणि ५९.९४ दिसलं तर घाबरू नका, तो ६० चाच भाऊ आहे.

मधूनच काळा होणारा पडदा

दोन सेकंद काळा, मग परत ठीक. याचा पहिला संशयित केबल. पडद्यावर चमकीसारखे पांढरे ठिपके चमकत असतील तर संशय पक्काच. रेट ६० वरून ३० करून बघा. त्रास थांबला तर केबलला वेग झेपत नाही. लांब केबलमध्ये हे जास्त होतं. तात्पुरतं रिझोल्यूशन उतरवून काम चालवा आणि लांबीने कमी, १८ गिगाबिटची खात्री दिलेली केबल घ्या.

फक्त एखादा चित्रपट लावल्यावरच काळं होत असेल तर ती एचडीसीपी नावाची नक्कल रोखणारी व्यवस्था असते. मधला जुना अडॅप्टर किंवा स्प्लिटर ती पाळत नाही. तो काढा.

खुर्चीतून उठलं की मॉनिटर काळा होतो, असं कोणी सांगितलं तर मीही आधी हसलो होतो. पण ते खरं आहे. गॅस लिफ्टच्या खुर्चीत बसता-उठताना स्थिर वीज साठते आणि सुटते, तिचा झटका केबल पकडते आणि क्षणभर जोडणी तुटते. चांगल्या आवरणाची केबल लावली की थांबतं.

झोपेतून उठताना मॉनिटर येत नसेल तर त्याच्या मेनूत "डीप स्लीप" बंद करा. झाकण लावल्यावर चित्र जातं, याला बिघाड म्हणू नका. विंडोजच्या पॉवर पर्यायांत झाकण मिटल्यावर "डू नथिंग" करा. मॅकला चार्जर आणि बाहेरचा कीबोर्ड-माउस जोडावा लागतो.

आता ड्रायव्हर

वरचं सगळं झाल्यावर, आणि विशेषतः त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर, इकडे वळा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टर्स उघडा, "रोल बॅक ड्रायव्हर" उपलब्ध असेल तर आधी तेच. नसेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये "बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर" एवढंच दिसत असेल तर ड्रायव्हर बसलेलाच नाही, आणि मग बाहेरचा मॉनिटर न दिसणं स्वाभाविक आहे. त्याच फेरीत बायॉस (लॅपटॉप सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) आणि डॉकचं फर्मवेअर (डॉकच्या आतलं सॉफ्टवेअर) यांचे अपडेट बघून घ्या. टाइप-सीच्या कितीतरी तक्रारी तिथेच मिटतात. बायॉस अपडेट करताना चार्जर लावलेला ठेवा.

दुसऱ्या केबलने, दुसऱ्या मॉनिटरवर, चांगल्या ड्रायव्हरनिशीही तोच पोर्ट गप्प राहिला तर पोर्ट गेला. टॉर्च मारून आत बघा, वाकलेली पिन किंवा साचलेला कचरा दिसतो. कचरा लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढता येतो. पिन सरळ करायला जाऊ नका, ते दुरुस्तीवाल्याचं काम. त्याच्याकडे जाताना कोणता पोर्ट, कोणत्या केबलवर, कोणत्या मॉनिटरबरोबर काय दिसलं, हे चार ओळींत लिहून न्या. तोही पहिल्या पायरीपासूनच सुरू करणार असतो.

खराब निघालेली केबल "बघू कधी लागली तर" म्हणून खणात ठेवली, तर तीच नेमकी घाईच्या वेळी हातात येते. मी तिला मधोमध एक घट्ट गाठ मारतो आणि ई-कचऱ्याच्या पिशवीत टाकतो. त्या चार्जरच्या केबलला मात्र गाठ मारली नाही. फोनला ती अजून छान चालते, फक्त तिच्या टोकाला लाल चिकटपट्टी आहे.